यादी तुझ्या हातात ठेव

अभिनंदन नंतर करते, आधी जरा बस. बूथप्रमुख केलंय ना तुला? म्हणजे नेमकं असं झालं असणार: पक्षाच्या कार्यालयात मीटिंग झाली, कुणीतरी म्हणालं, ‘या भागात एक महिला हवी’, सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, टाळ्या वाजल्या, आणि तू घरी पोचेपर्यंत मोबाइलवर हजार-अकराशे नावांची पीडीएफ येऊन पडली. सोबत एकच ओळ, ‘ताई, तुमच्या भागाचं तुम्ही बघा.’ आता कुकर लावता लावता तू विचार करतेयस की माणसं आणायची कुठून, दारात उभं राहून बोलायचं काय, आणि घरात हे सांगायचं कसं. खरं सांगू का, घाबरलीस यात तुझं काहीच चुकलं नाही. ज्यांनी काम दिलं त्यांनी ते कसं करायचं हे सांगायला हवं होतं. ते कुणी सांगत नाही, मलाही सांगितलं नव्हतं, म्हणून आता मी सांगते. तुझा पक्ष कुठला, माझा कुठला, ते या गप्पांत आणूच नको. दाराची बेल सगळ्याच पक्षांना वाजवावी लागते.

पहिलं काम, ती पीडीएफ छापून घे. मोबाइलवर बोटानं सरकवत यादी वाचून कुणाला गल्ली कळलेली नाही. मतदार यादीच्या एका पानावर तीस नावं असतात, म्हणजे तुझी साधारण सदतीस पानं होतील. जाड फाइल आण, प्रत्येक पान वेगळं काढता येईल अशी लाव, आणि एक पूर्ण प्रत कपाटात ठेव. त्या प्रतीला कुणीही हात लावायचा नाही, नवऱ्यानंही नाही.

मग यादी-वाचन. हे नाव ऐकून कंटाळवाणं वाटेल, पण बघ, सगळ्या निवडणुकीत मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. रविवारी दुपारी चारनंतर कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी घालायची आणि त्या भागात वीस-पंचवीस वर्षं राहिलेली चार माणसं बोलवायची. एक निवृत्त काका हवेतच. एक अशी काकू, जिला कुणाच्या घरात कोण आलं-गेलं हे ठाऊक असतं. एरवी आपण तिला नावं ठेवतो, पण यादी-वाचनात ती सोन्याहून मोलाची. एक किराणा दुकानवाला किंवा दूधवाला, आणि एक तरुण पोरगा, पेन धरायला. एकानं नाव वाचायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. ‘हे गेले गं, दोन वर्षं झाली.’ ‘ही वाघोलीला राहायला गेली, फ्लॅट भाड्यानं दिलाय.’ ‘हा पोरगा बंगळुरूला असतो, दिवाळीला येतो.’ ‘हे नाव दोनदा आलंय बघ, एकदा आडनाव आधी, एकदा नंतर.’ मयत, स्थलांतरित, दुबार, अशा खुणा करत गेलीस की अकराशेतली खरी मतं किती हे संध्याकाळपर्यंत उमजायला लागतं. समोर भिंतीसारखी दिसणारी यादी मग आठ-नऊशे माणसांची होते, आणि त्यातली निम्मी तुझ्या ओळखीची निघतात.

एक सांभाळ. मयत माणसाचं नाव कुणाच्या दारात जाऊन मोठ्यानं वाचू नको. हे काम सतरंजीवरच संपवायचं.

यादी-वाचनात तुला एक गोष्ट सारखी दिसेल, ती म्हणजे बायकांची नावं. लग्न होऊन आलेली सून घरात स्वयंपाक करते, मुलांना शाळेत सोडते, गॅसचा नंबर लावते, पण यादीत ती अजून माहेरीच असते. इथली मुलगी सासरी गेली तरी तिचं नाव इथंच. गल्लीतल्या पाच-सात घरांत तरी हे सापडेल. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की पत्ता बदलला तर नमुना ८ भरायचा असतो. मतदारसंघ बदलला तरी २०२२ पासून तोच अर्ज चालतो, सगळं नव्यानं करावं लागत नाही. पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर नमुना ६, आणि नाव वगळायचं तर नमुना ७. अर्जातली घोषणा खोटी दिली, म्हणजे नाव एकीकडे असताना कुठंच नाही असं लिहिलं, तर वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून ‘दोन्हीकडे राहू दे’ असं कुणी म्हणालं तर तिला नीट समजाव. आणि अठरा पूर्ण होणाऱ्या पोरांसाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. बारावीच्या क्लासबाहेर उभी राहा, तिथेच पन्नास सापडतील.

पण हे सगळं करायचं केव्हा, हे महत्त्वाचं. महापालिकेच्या निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही गं. राज्य निवडणूक आयोग एका ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी उचलतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो. जानेवारी २०२६ मधल्या महापालिका निवडणुकांना ती तारीख १ जुलै २०२५ होती. प्रचार तापल्यावर ‘ताई, माझं नाव नाही हो’ म्हणत आलेल्या मुलींना तेव्हा कुणीच काही करू शकलं नाही. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण ती नाव चुकून दुसऱ्याच प्रभागात गेलं किंवा विधानसभेच्या यादीत असून गळलं अशासाठी. त्यामुळे निवडणूक लांब आहे तोवरचे महिने हेच तुझे खरे महिने. हार-फुलांच्या वेळी यादी दुरुस्त होत नसते.

आता माणसं. हीच तुझी मोठी धास्ती, हो ना? ‘माझ्यामागे कोण येणार?’ बघ, तुला शंभर माणसं नकोच आहेत. सदतीस पानं आहेत, एकाला तीन पानं दिली तर बारा-तेरा माणसांत काम होतं. तीन पानं म्हणजे नव्वद नावं, म्हणजे पंचवीस-तीस घरं. एवढी घरं तर आपण हळदीकुंकवाला पालथी घालतो.

आणि मागायचं कसं, तर थोडं आणि नेमकं. ‘निवडणुकीत मदत कर गं’ म्हटलंस तर समोरची हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही, कारण तिला वाटतं आता रोज उन्हात झेंडा घेऊन फिरावं लागणार. त्याऐवजी म्हण, ‘तुझ्या जिन्यातली आठ घरं आणि मागच्या चाळीतली बारा, एवढीच तुझी. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी साडेपाच ते सात.’ ती मनात हिशेब करते, पोरीचा क्लास, भाजी, सासूबाईंचं औषध, आणि म्हणते, ‘जमेल.’ ज्या बाईला वेळ आणि घरं नेमकी सांगितली ती येते. जिला ‘ये गं जमेल तशी’ म्हटलं ती येत नाही, आणि त्यात तिचा दोष नसतो.

कुणाला काय द्यायचं यातही डोकं लाव. गुडघे दुखणाऱ्या काकांना जिने चढायला लावू नको, त्यांना फोनची यादी दे. ते प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलतील आणि तेच हवंय. कॉलेजच्या पोरांना झेरॉक्स, स्लिपा, मोबाइलवर नाव शोधून देणं. घरकामाला जाणाऱ्या मावशींना सोसायट्यांमधलं जे माहीत असतं ते सेक्रेटरीलाही नसतं. त्या आल्या तर त्यांना फेरीत शेवटी उभं न करता मीटिंगमध्ये खुर्चीवर बसव आणि त्यांचं ऐक. भिशी, बचत गट, भजनी मंडळ, हे सगळे हाताशी आहेत, पण भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी ‘आमचं मंडळ तुमच्यासोबत’ असं परस्पर सांगितलं तर त्यावर विसंबू नको. मंडळ टाळ वाजवायला एकत्र येतं, मत ज्याचं त्याचं. गणपती मंडळाच्या पोरांचंही तेच. आणि काही जणांना मागूच नको. अंगणवाडी सेविका, शाळेतल्या बाई, पालिकेतले कर्मचारी कितीही जवळचे असले तरी त्यांना प्रचारात ओढायचं नाही. त्यातल्याच काही जणी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असतात, त्यांची नोकरी धोक्यात येईल. लहान मुलांच्या हातात झेंडे-पत्रकं देऊ नको, आयोगाची त्याला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी नको म्हटलं असतं.

रोजंदारीवर फेरीला येणाऱ्या बायकाही तुला भेटतील. त्यांना नाकं मुरडू नको, त्यांच्यासाठी तो महिन्याचा किराणा असतो. फक्त दारात बोलायचं काम त्यांच्यावर टाकू नको आणि यादी त्यांच्या ठेकेदाराच्या हाती देऊ नको.

आता दारात काय बोलायचं. मी नवीन असताना एका घरात पाच मिनिटं आमच्या उमेदवाराचे गुण गात होते. समोरचे काका मान डोलवत ऐकत होते, काकूंनी पाणी दिलं. निघताना काका म्हणाले, ‘छान बोलता हो तुम्ही. मी समोरच्या उमेदवाराचा सासरा.’ तेव्हापासून मी आधी ऐकते, मग बोलते.

म्हणजे कसं, जोडीनं जायचं. एक त्या गल्लीतली, एक बाहेरची. गल्लीतलीनं बेल वाजवायची, कारण दार तिच्यासाठी उघडतं. बाहेरचीनं विचारायचं, कारण गल्लीतलीला लोक खरी तक्रार सांगत नाहीत, शेजाराची भीड असते. नाव-ओळख झाली की पहिला प्रश्न उमेदवाराचा काढायचा नाही. ‘यादीत तुमची नावं बरोबर आहेत का, बघू या?’ हा पहिला प्रश्न. घरातली चौघं बाहेर येतात, चष्मा शोधला जातो, कुणाचं वय चुकलेलं, कुणाच्या वडिलांचं नाव भलतंच. तुझ्याकडून त्यांचं काहीतरी काम होतं. मग आपोआप पाण्याचा, ड्रेनेजचा, कुत्र्यांचा, बंद पडलेल्या दिव्याचा विषय निघतो. तो वहीत लिही, त्यांच्यासमोर लिही. ‘करून देते’ म्हणू नको, कारण तू नगरसेवक नाहीस आणि तुझा उमेदवारही अजून नाही. ‘क्षेत्रीय कार्यालयात विचारून तुम्हाला सांगते’ म्हण, आणि खरंच विचारून आठवड्यात परत जा, उत्तर ‘अजून नाही’ असलं तरी. परत येणारी माणसं लोकांनी फार थोडी पाहिलेली असतात.

मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, पुढे आमदार-खासदार झाल्या, पण लोक त्यांना शेवटपर्यंत ‘पाणीवाली बाई’च म्हणत राहिले. गोरेगावच्या वस्त्यांत पाणी यावं म्हणून त्या झगडल्या होत्या. १९७२ च्या सुमाराला महागाईविरोधात अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्यासारख्यांनी बायका रस्त्यावर आणल्या त्या लाटणी आणि थाळ्या घेऊन. घोषणा नंतर सुचल्या असतील गं, आधी प्रत्येकीच्या स्वयंपाकघरातलं दुखणं त्यांना माहीत होतं. तुझ्या वहीतली ड्रेनेजची तक्रार त्याच जातीची आहे.

वेळेचं सांगते. सकाळी आठ ते दहा कुणाच्या दारात जाऊ नको, घराघरात डबे आणि अंघोळी चालू असतात. नळाला पाणी यायची वेळ त्या त्या वस्तीत विचारून घे आणि ती टाळ. दुपारी अकरा ते साडेबारा घरी असणाऱ्या बायका मोकळ्या असतात, तुझ्यासारख्या दोघी-तिघी तेव्हा निघू शकतात. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात बरं. त्यानंतर मालिका सुरू होतात, आणि मालिकेच्या मध्ये गेलीस तर मिळणारं मतही जाईल. सोसायट्यांमध्ये वॉचमनशी वाद घालू नको, आधी सेक्रेटरीला फोन कर, रविवारी सकाळी अर्धा तास माग. गेटवर अडवलेल्या कार्यकर्त्यानं आवाज चढवला की सगळी इमारत हातची गेली.

आणि चहा. एका गल्लीत एकच चहा, हा नियम कर. सुरुवातीला मी संकोचानं प्रत्येक घरी घ्यायची. गल्ली अर्धी राहायची, पित्त मात्र पूर्ण व्हायचं.

आता खुणा. प्रत्येक नावापुढे तीनच खुणा ठेव: आपलं, काठावरचं, समोरचं. इथे तुझी माणसं तुझ्याशी खोटं बोलतील, बरं का. तुला वाईट वाटू नये म्हणून सगळीच पानं ‘आपलं, आपलं’ अशी भरून येतील. आपल्याकडे दारात आलेल्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. ‘मत तुम्हालाच हो’ असं दार लोटता लोटता म्हणणारा माणूस दुपारी दुसऱ्यालाही तेच म्हणालेला असतो, त्याला काठावर टाक. उलट ज्यानं वीस मिनिटं गटारावरून भांडण केलं त्याला दारात थांबण्याइतकी आस्था आहे, त्याच्याकडे पुन्हा जा. आणि ‘मी त्यांचा माणूस आहे’ असं स्वच्छ सांगणाऱ्याला नमस्कार करून निघ, वाद घालू नको, खूण कर आणि पुढचं दार. जी मुलगी ‘समोरचं’ अशी खूण करून येते तिचं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कौतुक कर, म्हणजे बाकीच्याही खरं लिहायला लागतील.

चार मतांचं समजावणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक, तिथं सोपं. पुण्यात २०१२ ला एका प्रभागात दोन जागा होत्या, २०१७ ला बहुतेक ठिकाणी चार झाल्या, म्हणजे अ, ब, क, ड आणि प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. कित्येक आजी एकच बटण दाबून निघायच्या आणि आतून हाक यायची, ‘आजी, अजून राहिलीत!’ म्हणून चार गटांचा मोठा कागद कर, बोटानं दाखव, आजींकडून एकदा म्हणवून घे. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ आहे, हेही प्रामाणिकपणे सांग. तुझ्या पक्षातल्यांना ते आवडणार नाही. सांगायचं तरी.

आता जरा कडू. पक्षात तुला काय काम येईल, माहितेय? उमेदवाराचं औक्षण, फेरीत पहिल्या रांगेत भगिनी, आणि मीटिंगला चहा. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत, सभागृहात निम्म्या खुर्च्यांवर आपण बसतो. पण प्रभागाची यादी, खुणा केलेली, फोन नंबर लिहिलेली, ती अजून बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी भाऊंच्या कपाटात असते. पुढच्या वेळी तिकिटाचं ठरतं तेव्हा विचारतात, ‘तिला प्रभाग माहीत आहे का?’ आणि प्रभाग माहीत असणं म्हणजे ती यादी. म्हणून म्हणते, औक्षण कर, हौसेनं कर, पण ताट खाली ठेवल्यावर फाइल उचल. निवडणुकीआधी चार दिवस कार्यालयातून कुणीतरी येईल, ‘ताई, यादी द्या, एंट्री करून घेतो.’ झेरॉक्स दे. मूळ प्रत तुझ्याकडे. आणि हो, औक्षणाच्या ताटात नोट पडू देऊ नको, मतदाराला पैसे दिल्याची तक्रार त्यावरूनही होते.

फोन नंबरांचंही ऐक. तुझ्या यादीत शेकडो बायकांचे नंबर जमा होतील, त्यांनी ते तुझ्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात. तो कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नको. ग्रुप फक्त निरोपाचा ठेव आणि पोस्ट टाकायचा अधिकार दोघींकडेच, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली मीटिंगची वेळ गाडली जाते.

तुझ्या बायकांची काळजी तू घ्यायची, ती कार्यालय घेत नाही. फेरीचा मार्ग ठरवताना सगळे झेंडे आणि हलगी बघतात. तू बघ की मध्ये कुणाच्या घरी बाथरूमला जाता येईल. तीन-चार तास पाणी न पिता फिरणाऱ्या बायका मी पाहिल्यात, फक्त या एका अडचणीपायी. साडेआठच्या आत प्रत्येकीला घरी पोचवायचं, पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय तू झोपायचं नाही. एखादा कार्यकर्ता वेडंवाकडं बोलला तर ‘जाऊ दे’ म्हणू नको, त्याच दिवशी उमेदवाराला सांग, तुझ्या दोघी-तिघींना सोबत घेऊन सांग. आणि फ्लेक्सवर कुणाचा फोटो राहिला म्हणून कुणी रुसलं तर हसू नको. तिनं उन्हात काम केलंय, तिला वाटणारच. मीटिंगमध्ये नाव घेऊन तिचं काम सांग, फोटोपेक्षा ते पुरतं असा माझा अनुभव आहे.

घरच्यांचं? नवऱ्याला ‘राजकारणात जातेय’ असं सांगू नको, ‘मंगळवार-गुरुवार साडेपाच ते सात मी नसेन, कुकर तू लाव’ असं सांग. सासूबाईंना यादी-वाचनाला बोलव. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या आणि तिसऱ्या पानापासून त्याच सगळ्यांच्या चुका काढायला लागल्या.

पैशांचं थोडक्यात. एक वही, रोजचा खर्च, प्रत्येक बिल. चहा-वडापावसुद्धा उमेदवाराच्या खर्चात धरला जातो, निवडणूक कार्यालय त्याचे दर ठरवून देतं. पत्रक छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. मतदारांना आणायला-सोडायला पक्षानं फुकट गाडी लावणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात, १९५१ पासून, भ्रष्ट आचार आहे, भले सगळे करत असोत. ८५ वर्षांपुढच्या आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो. त्यांची वेगळी यादी आत्ताच कर. आणि शेवटच्या रात्री पाकिटं वाटायची वेळ आली तर तू त्यात नाहीस, हे आजच सांगून ठेव. त्या रात्री सांगितलंस तर भांडण होईल. आधी सांगितलंस तर फार तर ‘ताईंना हे कळवू नका’ एवढंच होईल.

मतदानाच्या दिवशी घाई तुझी नको, तुझ्या माणसांची असू दे. आत बसणारे पोलिंग एजंट दोन पाळ्यांत ठेव, आणि सकाळच्या पाळीतला वक्तशीर माणूस निवड, कारण मतदानाआधी यंत्राची चाचणी होते तेव्हा तो तिथं हवा. त्याला सोबत डबा दे. बाहेर मर्यादेपलीकडे टेबल, शंभर मीटरच्या आत प्रचाराचा एक शब्द नाही, आणि स्लिप कोऱ्या पांढऱ्या कागदाची, वर चिन्ह नको, नाव नको. महापालिकेला मतदान साडेसात ते साडेपाच असतं, विधानसभेला साधारण सात ते सहा. तुझ्या बायका अकरानंतर बाहेर पडतात, स्वयंपाक उरकून. त्यामुळे दहापर्यंत टेबल ओस दिसलं तर रडकुंडीला येऊ नको. दुपारी एकला बसून ‘आपलं’ खूण असलेल्यांपैकी कोण आलं नाही ते काढ आणि ज्याची पानं त्यालाच फोन करायला लाव. शेवटच्या अर्ध्या तासात येणाऱ्याला सांग की वेळ संपायच्या आत रांगेत उभा असेल तर कितीही उशीर झाला तरी मत देता येतं. कुणी आतून परत आली आणि म्हणाली, ‘माझ्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलं’, तर तिला घरी जाऊ देऊ नको. ओळख पटली की तिला प्रदत्त मत देण्याचा हक्क आहे, ते मागायला सांग.

निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, तुलाही नाही. समोरच्या पक्षाची बूथप्रमुख बहुधा तुझ्याच इमारतीत राहते. मतदानाच्या दिवशी तिच्या टेबलावर पाण्याची बाटली पाठव, परवा तुम्हाला दोघींना टाकीच्या सफाईसाठी एकत्रच भांडायचंय.

आता एवढं कर. या रविवारी चार वाजता यादी-वाचन ठेव. बाराजणांना बोलाव, चौघं आली तरी सुरू कर, पाचव्याची वाट बघत बसू नको. आणि छपाई आजच करून घे, शनिवारी झेरॉक्सवाल्याकडे सगळ्या पक्षांची रांग असते.